खांबावरचा दिवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नाही. आत्ता लिहितानासुद्धा दार आतून लावून घेतलंय. कशासाठी? घरात तर कुणीच नाही.

बँकेतल्या बदलीनं आम्ही नाशिकहून चेन्नईला गेलो आणि पेरुंगुडीत गल्लीच्या टोकाचं बैठं घर घेतलं. आयटीच्या इमारती तेव्हा नुकत्या उठत होत्या, मागे पाणथळ रान होतं, आकाश बऱ्यापैकी काळं होतं. मागच्या अंगणात मी पत्र्याची खोली उभारली, छप्पर रुळांवरून सरकवता येईल अशी. आत दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा. दूरच्या दीर्घिकांचे फोटो काढायचं खूळ होतं मला. खूळच. हौस हा शब्द फार सभ्य झाला.

फक्त एक अडचण होती. गल्लीचा दिवा. सोडियमचा, पिवळाधमक, नेमका माझ्या कुंपणाला चिकटलेल्या खांबावर. तो असला की फोटोवर पिवळं पाणी सांडल्यासारखं व्हायचं. आणि त्याच्या बटणाची पेटी माझ्या भिंतीवरून हात घातला की सापडायची. गल्ली झोपली की मी दिवा बंद करायचो आणि पहाटे परत लावायचो. लोक कुरकुरले. एकदा तर सोसायटीच्या बैठकीत ठरलं की हे कोण करतंय ते शोधून पोलिसांत द्यायचं. त्या बैठकीत मी होतो. मीही मान डोलावली.

एवढंच असतं तर लिहायला बसलो असतो का?

समोरच्या घरात सुंदरा मामी राहायच्या. तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या हेलात बोललेली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आलं होतं, पुढे तिची सवय झाली, मग ओढच लागली. माझी बायको माहेरी गेली की मामींचा डबा यायचा. मुलगा रघुनाथ आणि सून दोघंही नोकरीला; घर मामींच्याच हातात होतं. आणि दारातला कोलमही. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, तिथल्या बायका उजाडण्याआधी उठतात, दारात सडा घालतात आणि हातभर रुंद नाही, चांगली अंगणभर रांगोळी काढतात. मामींचा कोलम बघायला पलीकडच्या गल्लीतून बाया यायच्या.

माझं दुर्दैव — नाही, दुर्दैव म्हणायचा मला हक्क नाही. तिथला हिवाळ्याच्या तोंडचा पाऊस ओसरल्यावर सगळ्यांत स्वच्छ आकाशही त्याच महिन्यात मिळतं. त्यामुळे मी एक नेम केला होता. देवळाचा लाऊडस्पीकर सुरू झाला की दिवा लावायचा. बायका बाहेर यायच्या आत.

त्या पहाटे सप्तर्षींच्या शेपटाजवळची दीर्घिका धरली होती, भोवऱ्यासारखी, कडेला एक छोटी दीर्घिका चिकटलेली. लाऊडस्पीकर सुरू झाला. मी म्हटलं, एकच एक्स्पोजर अजून. मग समोरची कडी वाजली, बादली टेकल्याचा आवाज आला, सडा पडला. मला सगळं ऐकू येत होतं, हे नीट लक्षात घ्या. थोडंच राहिलंय, म्हटलं. होऊन जाऊ दे.

ते पुरं झालं तोवर मामींनी अंधारातच कोलमही काढत आणला असावा. मी भिंतीवरून हात घातला, बटण बोटाखाली आलं, आणि मामी पडल्या. गटारावरची एक फरशी निघालेली होती, कोलम लांबून बघायला त्या मागे सरकल्या असणार. आवाज लहानसाच झाला. मग एक कण्हणं.

मी बटण दाबलं. आता खरं सांगायचं ते हे — सोडियमचा दिवा एकदम लागत नाही. आधी मंद लालसर होतो, मग हळूहळू पिवळा. कुणी बाहेर आलं आणि दिवा लाल दिसला, तर कळेल की तो आत्ताच कुणीतरी लावला. नोकरी, पोलीस, त्या बैठकीतले चेहरे, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी भिंतीआड बसून राहिलो. दिवा पुरता पिवळा होईपर्यंत. मामी कण्हत होत्या आणि मी दिव्याकडे बघत होतो.

मग मी धावत गेलो. सगळ्यांत आधी मीच पोचलो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्याबरोबर मामी म्हणाल्या की दिवा नव्हता, त्या पडल्यावर हळूहळू लागला. रघुनाथनं मला विचारलं. मी म्हणालो, दिवा होताच की. त्यानं मामींचे डोळे तपासून घेतले. डोळे ठीक निघाले, तेव्हा घरातल्यांनी डोक्याबद्दल हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. फाटकाला कुलूप लागलं. दारात बाजारातला स्टिकरचा कोलम चिकटवला गेला.

एकदा मला एकट्याला बघून मामींनी जवळ बोलावलं.

“तूं सांग रे. तूं आकाश बघतोस, तुज उजेड-अंधार कळतो. दिवा होता?”

बोलून टाकायला ती एक वेळ होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी मला पोलिसांत दिलं असतं का? मुळीच नाही.

“होता, मामी.”

त्यांनी मान हलवली, “मग मजच कळेना झालं,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या सगळंच विचारायला लागल्या. मी गोळी घेतली का, आंघोळ केली का, हा रघूच ना. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास गेला तो गेलाच. दोन मार्गळी त्यांनी खिडकीतून काढल्या. तिसरी आली नाही.

तो फोटो उत्तम आला. रघुनाथनं आग्रहानं एक प्रत मागून घेतली. त्यांच्या दिवाणखान्यात ती लावलेली आहे, आणि पाहुण्यांना तो सांगतो की हा फोटो त्याच पहाटेचा, हे शेजारचे सर तेव्हा जागे होते म्हणून आई वाचली. इतक्या वर्षांनीही त्याचा फोन आला की मी तो लगेच उचलत नाही. कारण तो फोटो जाणकारानं एकदा पाहिला तरी पुरे. त्यावर पिवळ्याचा लवलेश नाही. आकाश कडेपर्यंत काळं आहे.

दिवा नव्हता. मामींना बरोबर दिसलं होतं.