कूलरच्या वाऱ्यातलं दुकान

ज्या दुकानात गिऱ्हाईक कमी, तिथे किस्से जास्त, असा माझा सात वर्षांचा अनुभव आहे. किराणावाल्याला बिचाऱ्याला कुणाचं बोलणं पूर्ण ऐकायला सवड नसते. माझं आदिलाबादला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पुस्तकांचं दुकान आहे. मराठी आणि तेलुगू पुस्तकं, थोडी हिंदी. मला सवडच सवड. त्यात मे महिन्यात सकाळी अकरालाच रस्ते ओस पडतात. घरचे दरवर्षी म्हणतात, "दोन महिने बंद ठेव. या उन्हात कोण येतं पुस्तक घ्यायला?"

खरं आहे, पुस्तक घ्यायला फार कोणी येत नाही. पण आमच्याकडे वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर आहे आणि त्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. बसची वाट पाहणारी माणसं वाऱ्यासाठी आत येतात आणि लाजेखातर एखादं पुस्तक हातात घेतात. पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

* * *

दुकानात माझ्यासोबत राजम्मा असते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. घरची भाषा तेलुगू, पण मराठी कानानं शिकली आणि आमच्यासारखीच बोलते. शाळेत मात्र ती कधी गेली नव्हती, त्यामुळे वाचता काहीच येत नव्हतं. पुस्तकं ती वरच्या चित्रावरून ओळखायची. "थे लाल लुगड्यावाली बाई", "थे चष्म्यावाला बुढा", "थे दोन बैल". आणि कधी चुकायची नाही.

एकदाच चुकली. मी जेवायला घरी गेले होते. एक नवा नवरदेव आला. बायको बारावी शिकलेली, वाचणारी. तिला पहिल्यांदाच काही द्यायचं होतं. लाजत म्हणाला, "बायकोले देण्यासारखं काही चांगलं दाखवा." अक्कानं कपाटावरून नजर फिरवली आणि ज्याच्यावर सगळ्यात सुंदर चित्र होतं ते पुस्तक काढलं. निळं तळं, त्यात गुलाबी कमळ. छान कागदात गुंडाळून दिलं.

मी परत आल्यावर तिनं कौतुकानं सांगितलं, "मॅडम, कमळवालं गेलं."

मी कपाळाला हात लावला. कमळवालं पुस्तक म्हणजे मूळव्याधीवरचे घरगुती उपाय.

पुढचे कित्येक दिवस दारात मोटरसायकल थांबली की मी दचकायची. महिन्याभरानं तो आला. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली, तर त्यानं मला थांबवलं. "बायको दोन दिवस बोलली नाई, मॅडम. मंग रागारागानं तिनं थे पुस्तक वाचलं, आन् तिच्या बापाकडं पाठवून देल्लं. माह्या सासऱ्याले धड बसता येत नव्हतं. आता मांडी घालून जेवून राह्यला."

मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "गुडघ्याचं हाय का एखादं? सासूबाईसाठी पाह्यजे होतं."

* * *

वामनकाका तहसील कचेरीतून रिटायर झाले. नोकरी सुटली, दफ्तराची भाषा सुटली नाही. रोज दीड वाजता डोक्याला रुमाल बांधून आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घेऊन येतात आणि कूलरसमोरच्या स्टुलावर बसतात. विकत सहसा काही घेत नाहीत. रोज वीस-पंचवीस पानं वाचायची, बसचं जुनं तिकीट खूण म्हणून घालायचं आणि पुस्तक जागेवर ठेवून द्यायचं. मला चालतं. रिकाम्या दुकानात एक माणूस वाचत बसलेला दिसला की दुसरा आत यायला धजतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात काका एका खुनाच्या कादंबरीत होते. शेवटची चाळीस पानं उरली होती. त्या दिवशी दीडला आले, कपाटाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. पुस्तक सकाळी विकलं गेलं होतं. एकच प्रत होती.

"माह्या ताब्यातली मिसल तुमी परस्पर देऊन टाकली?" काका म्हणाले. कचेरीत फायलीला मिसल म्हणतात.

मी म्हटलं, "काका, दुसरी प्रत मागवते. आठ दिवसांत येईल."

"मॅडम, खून होऊन बसला हाय. आठ दिवस कोण थांबंल?"

त्यांनी अक्काला विचारलं, पुस्तक नेलं कुणी. अक्का माणसं विसरत नाही. "तामसीचे सर. शाळेतले. निळा शर्ट."

दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं. तिसऱ्या दिवशीही रिकामं. चौथ्या दिवशी काका आले ते उन्हानं काळवंडून. बस धरून थेट तामसीला गेले होते. सरांचं घर शोधलं. पण सर स्वतः अर्ध्यातच होते आणि पुस्तक सोडायला तयार नव्हते. शेवटी तडजोड झाली. सरांनी जिथे होते तिथून मोठ्यानं वाचायचं, काकांनी ऐकायचं, आणि काकांचं पान आलं की पुढे दोघांनी मिळून. त्याला दोन दिवस लागले. सरांच्या बायकोनं दोन्ही दिवस ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढली आणि कामं टाकून तीही ऐकत बसली.

"मग खुनी कोण निघाला?" मी विचारलं.

काकांनी रुमाल सोडला, खिशातला कांदा टेबलावर ठेवला. "तपास पूर्ण झाला हाय. नक्कल पाह्यजे असंल तर रीतसर दरख्वास्त द्या."

* * *

तत्त्वज्ञानाचं कपाट आमच्याकडे सगळ्यात मागे आहे. तिथे कोणी जात नाही, म्हणून तिथली धूळ पुसायचा कंटाळा होतो. एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की त्या कपाटावर धूळच नाही.

एक मराठी मुलगी आणि एक तेलुगू मुलगा, दोघंही बँकेच्या परीक्षांच्या क्लासला जाणारे, रोज चार वाजता वेगवेगळे यायचे आणि त्या कपाटासमोर उभे राहायचे. तासभर पुस्तकांच्या कण्यांवरून बोटं फिरवत हळू आवाजात बोलायचे. मी काकांना खुणेनं विचारलं. ते पान न उलटता म्हणाले, "चैत्रापासून चालू हाय. तुमाले आज दिसलं?"

मी त्यांना हटकलं नाही. उन्हाळ्यात शहरात दुसरी सावलीची जागा तरी कुठे आहे? पावसाळा लागता लागता मुलगी एकटी आली, संकोचानं मोक्षावरचं एक जाड पुस्तक विकत घेतलं आणि आत लग्नाची पत्रिका ठेवून मला परत दिलं. दोन भाषांतली पत्रिका. दोन्ही घरांत बरंच रडणं-भांडणं झाल्याचं नंतर कळलं, पण लग्नात दोन्हीकडचे लोक जेवले. मी, अक्का आणि काका, तिघंही गेलो होतो.

पुढच्या एप्रिलमध्ये एक बाई आपल्या तिशीला आलेल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. मुलगी संकोचानं दारातच उभी. बाई सरळ माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "थे कपाट कोनतं?"

* * *

अक्काला वाचायला काकांनी शिकवलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली, कूलर थांबला आणि काकांचा चष्मा घरी राहिला होता. ते चिडचिड करायला लागले. अक्का म्हणाली, "मले येत असतं तर मीच वाचून देल्लं असतं." काकांची चिडचिड थांबली. मग म्हणाले, "पाटी हाय का?"

त्या उन्हाळ्यात रोज अडीच ते साडेतीन शाळा भरली. काका कडक मास्तर. 'ळ' काढायला चार दिवस गेले. अक्का पदराने घाम पुसत पाटी पुसायची आणि पुन्हा लिहायची. एकदा रडलीसुद्धा. "या वयात काऊन मले त्रास देऊन राह्यले," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आधीच बसली होती.

जून उजाडला तेव्हा ती जोडाक्षरांपर्यंत आली होती. एक दिवस सकाळी दुकान उघडायला मी पोचले, तर अक्का रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी राहून आमच्या बोर्डाकडे पाहत होती. ओठ हलत होते. मला वाटलं, डोळे भरून पाहतेय. सात वर्षं या बोर्डाखालून ये-जा केली, आज वाचता आला.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी काय म्हणता आपल्या दुकानाले?"

"सोबती पुस्तकालय."

"वर तसं नाई लिवलेलं. सो-ब-ती. पु-स्त-क-ला-य."

मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. काना चुकीच्या अक्षराला होता. सात वर्षं. या बोर्डाखालून प्राध्यापक गेले, हेडमास्तर गेले, पेपरवाले फोटो काढून गेले, काका रोज आले, मी रोज कुलूप उघडलं.

अक्कानं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "तुमी लोकं वाचता, का नुसतं पाहता?"

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. शिडी अक्कानं धरली होती आणि खालून सांगत होती, "'क' ले द्या काना. 'ल' चा काढून टाका."

* * *

गावातले एक सर कविता करतात. अतिशय भिडस्त माणूस. वीस वर्षांच्या कवितांचं पुस्तक निघालं आणि प्रकाशन आमच्या दुकानात ठरलं. तारीख मे महिन्यातलीच मिळाली, वेळ दुपारी चार. कोण येणार म्हणून सर आठ दिवस झोपले नाहीत. पण लोक आले. खुर्च्या भरल्या, मागे उभेही राहिले. सरांचा चेहरा उजळला.

दुसऱ्या कवितेला लाइट गेली. कूलर घुर्र करून थांबला. पाच मिनिटांत खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मी, अक्का, काका, सरांची बायको आणि शेवटच्या खुर्चीत खाकी शर्टातले एक बस कंडक्टर, एवढेच उरलो. कंडक्टर गाढ झोपले होते. सरांनी पान मिटलं. बायको त्यांना म्हणाली, "वाचा. मी कुठं ऐकल्या आहेत सगळ्या?" वीस वर्षांत घरी त्यांनी कधी वाचूनच दाखवलं नव्हतं. सर तिच्याकडे पाहून वाचत राहिले आणि शेवटपर्यंत वाचलं.

टाळ्यांनी कंडक्टर जागे झाले आणि घाईघाईनं त्यांनीही वाजवल्या. सरांनी त्यांना पुस्तक भेट दिलं, सहीसकट.

पंधरा दिवसांनी ते कंडक्टर दुकानात आले. मी विचारलं, "वाचलं का पुस्तक?"

"रोज वाचतो, मॅडम. गाडी भरली की खिडकीच्या सीटवरून भांडणं लागते. मी पुढं उभा राहून कविता वाचतो. दोन झाल्या की सगळे गप बसते." त्यांनी जरा विचार केला. "एक मात्र म्हातारी हाय. थे तिसरी मागते."

* * *

नेरडीगोंड्याकडची एक बाई गेल्या एप्रिलमध्ये आली. शेतकरी घरातली, मुलीनं नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. मुलीचं नाव रेणुका. "असं पुस्तक द्या, मॅडम, जे लवकर सरत नाई," ती म्हणाली. "एका दिवसात फस्त करते. मंग शेवेच्या पुड्याचा कागद वाचत बसते."

मी विचार करून मराठी शब्दकोश काढून दिला. बाईनं तो दोन्ही हातांत तोलून पाहिला. "हाव, हे पुरंल."

मेच्या शेवटी भर दुपारी एक माणूस आत आला. डोक्यावर टॉवेल, काखेत तोच शब्दकोश, फडक्यात गुंडाळलेला. बसला, दोन ग्लास पाणी प्यायला. अक्का झाडू घेऊन माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मी रेणुकाचा बाप. हे तुमीच देल्लं?"

"हो."

त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. मग सांगायला लागला. रविवारी रेणुकाला पाहायला पाहुणे आले होते. साडूनं आणलेलं स्थळ, शेती बरी, माणसं चांगली. बोलणी जवळजवळ झालीच होती. रेणुकानं पोहे आणून ठेवले, आत गेली आणि हे पुस्तक घेऊन बाहेर आली. मुलाच्या वडिलांसमोर बसून म्हणाली, "मामाजी, एक शब्द वाचून दाखवू?"

"आमाले वाटलं, पोरगी हुशारी दाखवून राह्यली. थेही खूश झाले. वाच बेटा, म्हणे."

मोराचं पीस ठेवलं होतं त्या पानावर तिनं पुस्तक उघडलं आणि शाळेत वाचतात तसं खणखणीत वाचलं. "अल्पवयीन. विशेषण. कायद्यानं ठरवलेल्या वयापेक्षा कमी वय असलेला किंवा असलेली." पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "पोहे घ्या."

"मंग?" काकांनी विचारलं. त्यांचं पुस्तक केव्हाच मांडीवर उपडं पडलं होतं.

"कोनी घेतले नाई. थे हात जोडून उठले. म्हणे, तीन वर्षांनी पाहू." बापानं टॉवेलनं तोंड पुसलं. "तीन दिवस मी तिच्यासंगं बोललो नाई. आता बोलतो. चूक तर काही वाचलं नाई तिनं."

त्यानं शब्दकोश टेबलावर ठेवला. परत करायला आला असेल, असं वाटून मी हात पुढे केला. त्यानं पुस्तकावरचा हात काढला नाही.

"वापस नाई करून राह्यलो. मले फक्त इतकं सांगा, मॅडम, ह्याच्यात असे अजून किती शब्द हायेत? थे म्हणते, अजून तर 'अ'च चालू हाय."