बाबांच्या डिझेल गाडीचं रिमॅपिंग

परवा नव्या गाडीने चिखलदऱ्याचा घाट चढले. एसी बंद करावा लागला नाही आणि बाबांची जुनी डिझेल गाडी आठवली. पाच माणसं बसली की घाटात तिचा दम जायचा, एसी बंद करावा लागायचा. सत्तरीतल्या बाबांना तो स्वतःचाच अपमान वाटे. कुणीतरी त्यांना सांगितलं, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलला की ओढ वाढते, त्याला रिमॅपिंग म्हणतात. हे काम करणारा अकोल्यात होता. मी यादी केली: कागदपत्रं, पाण्याची कॅन, ताक, टोप्या. भर मे महिन्यात आम्ही दोघं अमरावतीहून निघालो.

मेकॅनिक पस्तिशीचा. त्याने स्टिअरिंगखाली केबल जोडली आणि आधी कंपनीचा मूळ प्रोग्राम लॅपटॉपमध्ये उतरवून गाडीच्या नंबराने जपून ठेवला. ही शिस्त मला आवडली. मग नवा प्रोग्राम चढू लागला.

"काकाजी, बसा आत, पण कशाले हात लावू नका."

गॅरेजच्या छताला तापलेले पत्रे. बाबांनी पाच मिनिटं कळ काढली आणि गाडीचा पंखा पूर्ण जोरात लावला. बॅटरी जुनी आहे हे मला माहीत होतं, पण यादीत नव्हतं. लॅपटॉपवरचा आकडा साठ टक्क्यांवर अडकला. डॅशबोर्डवरचे दिवे गेले.

"काकाजी, पंखा काहून लावला?"

"गरम होऊन राह्यलं ना बावा! पंख्याचा अन् इंजिनाचा काय संबंध?"

"दोघायची बॅटरी एकच आहे ना!"

चावी फिरवली. गाडी गप्प.

"मेली काय?" बाबांनी हळूच विचारलं.

मेकॅनिकने इंजिनाच्या कॉम्प्युटरचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि मूळ प्रोग्राम परत भरायला घेतला. दोन तास गेले. बाबा ताकाला शिवले नाहीत. शेवटी डबा जागेवर बसला, बॅटरीला चार्जर लागला आणि इंजिन सुरू झालं.

"आता असंच राहू देऊ?" मेकॅनिकने मला विचारलं.

मी हो म्हणणार, तोच बाबा म्हणाले, "नवं टाक. मी बाहेर उभा राह्यतो."

डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली गेले आणि काम होईपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले.

परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे कुटाराने, गुरांच्या भुशाने फुगलेला ट्रक लागला. एसी चालू ठेवून बाबांनी तो सहज मागे टाकला. मग वेग कमी करून त्याच ट्रकला पुढे जाऊ दिलं.

"बाबा, हे काहून?"

"एक डाव अजून पायतो ना," ते म्हणाले आणि हॉर्न दिला.