एका खेपेला एकच बदल

यंत्रापुढं बसले की भाऊ आधी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवत. "हात मोकळं असलं की कायतरी दाबू वाटतं, ताई. आधी नुसतं बघायचं."

तुम्ही म्हणाल, कंप्युटर दुरुस्त करायला आलेला माणूस, आणि हात मांडीखाली? मीही तेच म्हणाले होते. पण जरा आठवून बघा. घरातला मिक्सर बंद पडला, तर आलेला माणूस चहा उकळायच्या आत तो खोलून ठेवतो की नाही? आणि परत जोडला की एक स्क्रू हमखास उरतो. यांच्या हातून स्क्रू उरलेला मी कधी पाहिला नाही.

उभा जन्म त्यांनी एस.टी.च्या डेपोत गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. निवृत्त झाल्यावर वरव्याला, त्यांच्या गावी, घरीच रेडिओ, टीव्ही, मग कंप्युटर दुरुस्त करायचे. कुणी शिकवलं नव्हतं. मलाही माझं गाणं कुणी शिकवलेलं नाही, म्हणून आमचं जमलं असावं. मी त्यांना भाऊ म्हणायचे.

माझं माहेर वेल्ह्याकडचं. भाताची लावणी करताना आई आणि तिच्या ओळीतल्या बायका गाणी म्हणत. चिखलात वाकून, एकेक पाऊल मागं सरकत. त्या ओळीतली आता मीच उरले. त्यात माझ्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल, आणि नंतर आवाज आहे तसाच राहील असं सांगता येत नाही. ऑपरेशनला तीन आठवडे होते. तेवढ्यात गाणी भरून ठेवायची, एवढंच डोक्यात. लेकीचा जुना कंप्युटर भोंगवलीच्या आमच्या घरी पडून होता. तिनं गाणी भरायचा प्रोग्रॅम घालून दिला, माईक आणून दिला. पुढचं मी मोबाईलवर बघून बघून शिकले.

आणि तो प्रोग्रॅम दगा द्यायला लागला. पहिलं गाणं नीट व्हायचं. दुसऱ्याला आवाज तुटायचा. तिसऱ्याच्या मध्यावर पडदा गोठायचा, कधी अख्खा कंप्युटरच बंद. गायलेलं गेलं ते गेलं. आमचे मालक पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "तुझ्या सुराला घाबरतंय ते."

भाऊ स्कूटरवरून आले. हात मांडीखाली. "गा."

मी एकामागून एक चार गाणी गायले. काही म्हणजे काही झालं नाही! डॉक्टरपुढं पोराचा ताप उतरावा तसं. त्यांनी वायरींचा बोर्ड तेवढा बदलला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं : बोर्ड बदलला. ते वरव्याला पोचले नसतील, तोवर इकडं पडदा गोठला.

दुसऱ्या खेपेला माईक आणि कंप्युटरची ओळख करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो त्यांनी नवा घातला. तिसऱ्या खेपेला गाणी भरायचा प्रोग्रॅम काढून परत घातला. दर वेळी त्यांच्यासमोर सगळं शहाण्यासारखं, आणि ते गेले की परत तेच. कॅलेंडरवर तीन चौकटी भरल्या. माझा धीर सुटला.

"भाऊ, एकदाच काय ते सगळं बदलून टाका ना! माझे दिवस चाललेत."

"मग बरं कशानं झालं ते कळायचं न्हाई, ताई. उद्या परत बिघडलं आन् मी हितं नसलो तर? तुमाला कळाया पायजे. एका खेपेला एकच बदल."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

चौथ्या वेळी ते न कळवता आले. मी दारं-खिडक्या लावून तिसरं गाणं म्हणत होते. ते ओसरीतच उभे राहिले. मध्यावर पडदा गोठला, कंप्युटर बंद झाला, मी कपाळावर हात मारला, तेव्हा त्यांनी दार ढकललं. थेट आले आणि कंप्युटरच्या डब्यावर तळवा ठेवला. डब्यावर माझी खोळ होती. आईच्या लुगड्याचे तुकडे जोडून गोधडीसारखी शिवलेली, जाडजूड.

"ह्ये काय?"

"खोळ. धूळ बसत नाही. आणि आतला पंखा घरघरतो, तो गाण्यात ऐकू येत नाही."

"मी येतो तवा ही कुठं असती?"

"पाहुण्यांपुढं चिंध्या कशाला, म्हणून काढून ठेवते."

भाऊंनी डोळे मिटले. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे तीन खेपा मी धडधाकट माणसाची नाडी बघत होतो. ताई, इंजिनावर घोंगडी टाकून घाट चढत होता तुमी!"

मालकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. माझं तोंड एवढंसं झालं. पण भाऊ हसले नाहीत. लुगड्याचे तुकडे त्यांनी ओळखले असावेत. नीट चार घड्या घालून खोळ काखेत धरली. "ही मी न्हेतो, गाडीच्या सीटला. हितं ठिवली तर तुमी परत घालाल."

पंख्याच्या घरघरीवर उपायही त्यांनीच काढला. कंप्युटर स्वयंपाकघरात, लांब वायर टाकून माईक आतल्या खोलीत, मधलं दार बंद. मी आत गाणार, ते कानाला हेडफोन लावून बाहेर पडद्यावर नजर ठेवणार. दोन दिवस ते सकाळी येऊन असे बसले. अकरा गाणी झाली. एकदाच दार उघडून म्हणाले, "सातवं परत घ्या."

"परत बंद पडला का?"

"न्हाई, मशिन चालू असंल. मी ऐकत बसलो. बघायचंच ऱ्हायलं."

सातवं मी परत म्हटलं. दोन्ही नीट उतरली होती. दोन्ही ठेवली आहेत.

ऑपरेशन झालं. आवाज आला, पण जाडसर. वरचा सूर लागत नाही, तो आता कंप्युटरमध्येच आहे. पुढं कंप्युटर दोनदा रुसला. दोन्ही वेळा मी हात मांडीखाली घेऊन बसले, एकेक गोष्ट बदलली, कॅलेंडरवर लिहिली. सुरू झाला. कशानं झाला तेही कळलं.

दुसऱ्यांदा सुरू केला ते भाऊंना सांगायचं राहून गेलं. गेल्या थंडीत भाऊ गेले. मी वरव्याला वहिनींना भेटायला गेले तेव्हा पडवीत त्यांची स्कूटर उभी होती, सीटवर खोळ. उन्हानं आईच्या लुगड्याचा रंग उतरलेला. वहिनी म्हणाल्या, "गाडी आता कोन चालवनार? तुमची खोळ तेवढी घिऊन जावा, ताई."

मी खोळीवर तळवा ठेवला. गार होती.

"राहू द्या," म्हटलं. "इथं घातलेली चालते."