पेट्रोलची काठी

जनार्दनला रघुनाथचा पहिला राग आला तो त्याच्या मराठीचा.

रघुनाथ फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होता. उमेदीची सगळी वर्षं पुण्याकडे काढून, हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो सत्त्याऐंशी साली झाशीला परतला. लक्ष्मी गेटजवळच्या मराठी घरांत तो इतकं स्वच्छ बोले की बायका हातातलं काम ठेवून ऐकत बसत. "कान तृप्त झाले हो रघुनाथजी," असं इंदिराकाकू म्हणाल्या तेव्हा जनार्दन समोरच चहा पीत होता. मग आपण साठ वर्षं बोललो ते काय होतं? जनार्दनचं वाक्य मराठीत निघायचं आणि हिंदीत पोचायचं, हे खरं. पण ते झाशीत सगळ्यांचंच तसं होतं. आणि 'जी' कशाला? जनार्दन एकसष्ट वर्षांचा, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला, तरी काकूंना तो अजून 'अरे जनार्दन'. हा कालचा आलेला माणूस दोन महिन्यांत 'जी' झाला.

तेवढं त्यानं गिळलंही असतं. पण रघुनाथची नजर मोटारीकडे गेली.

ही काळी मोटार इंदिराकाकूंच्या यजमानांची, गोपाळराव वकिलांची. वकील गेले, मोटार राहिली. वर्षभर ती झाकून ठेवलेली असे आणि अनंत चतुर्दशीला मराठी मंडळींचा गणपती तिच्यातून लक्ष्मी तालावर विसर्जनाला जाई. तिचा पेट्रोलचा काटा दहा वर्षांपूर्वी तळाला जाऊन बसला, तो उठलाच नाही. त्याच वर्षी भीमराव नावाचे एक गृहस्थ चालवत होते आणि पेट्रोल संपून गणपती भर बाजारात दोन तास अडकला. लोकांनी भीमरावांना जन्मभर पुरतील एवढे टोमणे मारले. जनार्दननं मग शिसवी लाकडाची एक पट्टी तासली, मोजून पेट्रोल ओतत तिच्यावर करवतीनं खाचा पाडल्या आणि टाकीत बुडवून पेट्रोल सांगायला लागला. काकूंनी ठरवून टाकलं, ज्याला पेट्रोल कळतं त्यानंच गाडी चालवायची. तेव्हापासून गणपतीचा सारथी जनार्दन. खंडेनवमीला घरच्या तलवारीशेजारी ती काठीही पूजेला लागे आणि तिला हळदकुंकू वाहताना त्याची बायको शारदा हसू दाबायची.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काटा जनार्दननंच मारला होता. गणपतीच्या आधी मोटारीला रंग द्यायची त्याला हौस. त्या वर्षी टाकी उतरवली, भक्तिभावानं रंगवली, अर्थची वायर जिथे लोखंडाला टेकते ती जागाही रंगवली आणि वर नट आवळून टाकला; मधल्या रंगानं काट्याची वीज अडली. देवाच्या गाडीला एक बोटभर जागा कोरी ठेवायला त्याचं मन धजलं नाही. चौथ्या वर्षी गाडीखाली पडल्या पडल्या ही चूक त्याच्या लक्षात आली. कानशीनं दोनदा घासलं असतं तर काम झालं असतं. पण तोवर काठीला मान मिळाला होता. तो मुकाट्यानं बाहेर आला आणि हात धुऊन जेवायला बसला.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी रघुनाथ पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून टाकीशी बसला. दहा-बारा लोक जमले. जनार्दनही उभा होता, काठी काखेत धरून.

"काकू, तुम्ही पुढे बसा आणि काट्याकडे बघा," रघुनाथ म्हणाला. त्यानं टाकीवरची वायर काढली आणि उघड्या लोखंडाला टेकवली.

"अगं बाई, चढला," आतून काकू म्हणाल्या. "पार वर गेला."

"म्हणजे काटा जिवंत आहे आणि इथवरची वायरही चांगली आहे. दोष टाकीपाशी." त्यानं वायर परत जागेवर लावली, मग दुसऱ्या तारेचं एक टोक टाकीच्या झाकणाला आणि एक खालच्या लोखंडाला धरलं.

"अर्ध्याच्या जरा खाली थांबलाय."

"जनार्दनराव, तुमची काठी काय सांगते?"

जनार्दननं काठी बुडवली. अडीच खाचा. अर्ध्याच्या जरा खाली. खोटं सांगावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"मग अर्थ तुटलाय, बाकी काही नाही. कुणीतरी नटाखालीसुद्धा रंग मारलाय." रघुनाथ सहज बोलला; त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. पण गाडी कोण रंगवतं ते बाकी सगळ्यांना माहीत होतं आणि भीमराव तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. दहा वर्षांचं उसनं त्यांनी एका दमात फेडलं. रघुनाथनं हसणाऱ्यांकडे पाहिलं, मग जनार्दनकडे, आणि मान खाली घालून रंग खरवडायला लागला.

त्याच संध्याकाळी काकूंनी निकाल दिला. "अरे जनार्दन, आता काटा चालतो. या वर्षी रघुनाथजी चालवतील. तुलाही आराम."

आराम! जेवताना शारदा म्हणाली, "दहा मिनिटांत केलं म्हणे त्यांनी." तो पानावरून उठला.

चतुर्दशीला दुपारी सगळे आरतीला आत असताना तो मोटारीखाली शिरला. आरती पाठ होती, कुठल्या कडव्याला किती वेळ उरतो हेही ठाऊक होतं. अर्थचा नट ढिला करून त्यानं वायर अलगद बाजूला सारली आणि शेवटच्या कडव्याला आत येऊन टाळ्या वाजवायला लागला. आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं.

गणपती गाडीत बसला. रघुनाथनं किल्ली फिरवली. काटा तळाला. तो खाली उतरला, वाकून टाकीखाली पाहिलं, हात घातला आणि उठला.

"काकू, काट्याचा भरवसा नाही. गाडी जनार्दनरावांनीच चालवावी."

"मी म्हणतच होते," काकू म्हणाल्या, ज्या तसं काही म्हणत नव्हत्या. "जनार्दन, काठी आण रे."

जनार्दन पुढे आला. रघुनाथनं त्याच्या तळहातावर किल्ली ठेवली आणि किल्लीखाली एक छोटा पाना. रेल्वेच्या कारखान्यात जो तो आपल्या हत्यारावर स्वतःचं अक्षर ठोकतो. पान्यावर 'ज' होता.

"टाकीखाली राहिला होता," रघुनाथ हळूच म्हणाला. "नट तसाच ढिला ठेवलाय."

एवढं बोलून तो मागे जाऊन बसला आणि खड्ड्यांत मूर्तीला धक्का बसू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी धरलं.

लक्ष्मी तालापर्यंत लोक गुलाल उधळत होते, जनार्दनच्या नावानंही दोन-चार आरोळ्या झाल्या. चाक त्याच्या हातात होतं, काठी शेजारी, पाना खिशात. त्यानं आरशातून मागे पाहिलं. रघुनाथ मूर्ती सावरण्यात गुंतला होता, त्याचं इकडे लक्षच नव्हतं.

"पेट्रोल पुरेल ना रे?" काकूंनी विचारलं.

"पुरेल," जनार्दन म्हणाला. त्या माणसाचा इतका हेवा त्याला याआधी कधीच वाटला नव्हता.