नेमक्या सरांचं दोनचं वर्गमूळ

आमच्या शहाद्याच्या कॉलेजात फळ्यावर १.४१४ लिहिणं म्हणजे नेमक्या सरांच्या अंगावर पाल टाकणं. दोनचं वर्गमूळ कोणी दशांशात लिहिलं की ते डस्टर आपटत. "हाई दोननं वर्गमूळ नही, त्यानं भूत शे!" चिडले की त्यांची प्रमाण मराठी संपून अहिराणी सुरू होई.

हा नेमकेपणा फळ्याची चौकट ओलांडून मात्र कधी बाहेर आला नाही. दहाचा तास पावणेअकराला सुरू होई. फोन केला तर "शहाद्यात शिरलोच बघ" म्हणत, आणि मागून ब्राह्मणपुरीच्या त्यांच्या केळीच्या बागेतल्या पंपाचा आवाज येत असे. हजेरीत माझं नाव त्यांनी दोन वर्षं चुकीचं घेतलं. मी इंग्रजी शाळेतून आलेली, मराठीत तोंड उघडायला घाबरणारी. त्या नावालाच 'हजर' म्हणत राहिले.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला एक प्रोग्रॅम लिहायचा होता. ज्या बहुपदींच्या सहगुणकांतच वर्गमुळं, घनमुळं असतात, त्यांची वास्तव मुळं शोधणारा. सरांची पद्धत अशी: वर्गमूळ आहे तसंच ठेवायचं, चिन्हांचे बदल मोजायचे, आणि मूळ ज्या टप्प्यात सापडेल तो अर्धा अर्धा करत जायचं. उत्तर बिनचूक येई, पण लॅबच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर इतकं सावकाश, की तोवर प्रकाशा गावच्या देवळात जाऊन दर्शन घेऊन यावं. पुण्याला पीएच.डी.ची जागा मिळाली होती, फक्त पास व्हायचं होतं. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी वर्गमुळाच्या जागी गुपचूप १.४१४ घातलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पोहे खाता खाता x² − 2√2x + 2 दिलं. क्षणात उत्तर आलं: वास्तव मूळ नाही.

"व्वा, फास्ट आहे!" म्हणत त्यांनी पेन काढलं.

"थांबा साहेब, उत्तर चुकेल शे, साफ चुकलंय." सर उठले होते. "दोनचं वर्गमूळ हेच तिचं मूळ. दोनदा येतं. आत काय टाकलंस, पोरी?"

"एक पूर्णांक चार एक चार," मी पुटपुटले.

"केसभर कमी टाकलंस, आणि जितं मूळ मारी टाकं!"

"जाऊ द्या हो सर," परीक्षक म्हणाले. "पोरीची पुण्याची जागा जाईल."

"जाऊ दे. मूळ तर राहील."

जागा गेली. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती, आणि तोवर सर निवृत्त झाले. स्वतःच्या निरोप समारंभालाही ते तासभर उशिरा आले. मी पंख्याखालीच उभी राहिले, पाया पडणाऱ्यांच्या रांगेत गेले नाही.

नव्या मॅडम म्हणाल्या, "दशांश घाल गं, कोण बघतंय?" खरंच कोणी बघत नव्हतं. मी वर्गमूळ तसंच ठेवलं. या वेळी दिलेल्या त्रिघाती बहुपदीवर प्रोग्रॅम पंचवीस मिनिटं चालला. नवे परीक्षक बोटांनी टेबल वाजवत बसले, तीन मुळं आल्यावर जांभई देऊन त्यांनी बेताचे गुण दिले. उत्तर बिनचूक होतं याचं त्या खोलीत कोणालाच काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि त्याबद्दल मी सरांना अजून माफ केलेलं नाही.