उलट्या कडीचं घर

“कुणाच्या घरात रिकाम्या हातानं शिरू नये,” असं सकवारबाई उठता-बसता म्हणायची. शेजारी विरजण मागायला गेली तरी तिच्या मुठीत लसणाचा एखादा गड्डा असायचाच. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात तिनं सव्वीस वर्षं लसूण निवडला. किडका गड्डा डोळ्यांनी बघावा लागत नसे, बोटांनाच कळायचा. तिचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या घोड्यांमागून या कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. नवरा खंडोजी लवकर गेला. राहिली एक लेक, रक्षिता.

रक्षिता राजाजीनगरातल्या एका कंपनीत होती. परदेशी व्हिडिओ गेमसाठी ती घरं बनवायची. गेम असा, की जग जळून गेलंय, माणसं संपलीत, आणि मागे उरलेला एकटा जीव पाठीवर पिशवी टाकून ओसाड गावांतून फिरतो. असा गेम जुना झाला की त्याला एखादा नवा मुलूख जोडतात, तो वेगळा डाउनलोड करून घ्यायचा. त्यातलाच एक मुलूख, आटलेल्या तळ्याकाठचं गाव, रक्षिताच्या वाट्याला आला होता.

“एवढी घरं बांधतेस, त्यात राहतं कोण?” सकवारबाई विचारायची.

“कोणी नाही, अम्मा. सगळे मेलेत.”

“मग बांधतेस कशाला?”

“कुणी बघायला आलंच तर.” मग एकदा हसत म्हणाली, “त्यातल्या एका घरात आपली खोली ठेवलीय. कुठल्या, ते सांगणार नाही. गाव बाहेर आलं की तूच शोध.”

श्रावणात तिला डेंग्यू झाला. सहा दिवसांत गेली. गाव लोकांना खेळायला बाहेर आलं मार्गशीर्षात.

कंपनीत रक्षिताच्या शेजारच्या टेबलाशी योगीराज नावाचा तरुण बसायचा. निपाणीकडचा, मल्लेश्वरमला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारा. सकवारबाई त्याचा पत्ता विचारत आली, तेव्हा तिच्या हातात लसणाची पुडी होती. “बाळा, मला त्या गावात जायचंय,” ती म्हणाली. “लेकीनं बोलावलंय.”

त्यानंतर दर रविवारी दुपारी ती यायची. त्याच्या कॉम्प्युटरसमोर पदर खोचून बसायची. जी बोटं अंधारात लसूण ओळखायची, त्यांना चार बटणं उमगायला दोन रविवार गेले. लांडग्यासारखी जनावरं दिसली की ती “हाड्” म्हणायची, आणि ती खरंच मागं सरायची, कारण योगीराजनं गेम जमेल तेवढा सोपा करून ठेवला होता. आपल्या जुन्या खेळातली शिदोरीही त्यानं तिच्या पिशवीत भरली होती. खाण्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्या.

पहिल्याच घरात तिनं विचारलं, “यातलं एक खाली कसं ठेवायचं?”

“काकू, इथं ठेवायचं नसतं. घरात जायचं, कपाटं उघडायची, मिळेल ते घ्यायचं.”

“मेलेल्यांचं?”

योगीराजनं कीबोर्ड तिच्याकडं सरकवला. त्यानं बटण दाखवलं. तिनं एक डबा चुलीजवळ ठेवला, घरभर नजर फिरवली आणि बाहेर आली. “हे नाही,” म्हणाली.

असं एकेक घर. कुठं मेणबत्ती, कुठं बाटली. योगीराज चेष्टा करायचा, “काकू, सगळा खेळ लुटारूंचा आणि तुम्ही एकट्या वाण वाटत फिरताय.” ती म्हणायची, “स्वल्प थांब रे, बघू दे.” प्रत्येक घर ती लसणासारखं निवडायची. भिंतीचा पोपडा, कोनाडा, खिडकीचा गज. हे लेकीचं काम, हेही लेकीचं. पण आपली खोली काही सापडत नव्हती, आणि पिशवी हलकी होत होती.

अकराव्या रविवारी योगीराजच्या घरात खोकी बांधलेली होती. त्याला हैदराबादला नोकरी लागली होती. चारला टेंपो येणार होता. कॉम्प्युटर तेवढा त्यानं शेवटपर्यंत उघडा ठेवला होता.

“आज मिळालं तर मिळालं,” सकवारबाई म्हणाली. लसणाची पुडी तिनं त्याच्या खिडकीत ठेवली आणि बसली.

पिशवीत एकच डबा उरला होता. तो तिनं लेकीच्या घरासाठी राखून ठेवला होता. तळ्याच्या अगदी कडेला दोन घरं राहिली होती. पहिल्या घरात शिरली तर मधोमध पाळणा, आणि पाळण्याखाली एवढासा एकच बूट. मग तिनं तो डबा पाळण्याशी ठेवला.

“काकू, तो शेवटचा होता.”

“माहितंय.”

दुसऱ्या घराचं दार निळं होतं. दाराची कडी उलटी बसवलेली, थेट त्यांच्या घरच्यासारखी. खंडोजीनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती तशी बसवली होती, आणि चूक कबूल करायची नाही म्हणून तशीच ठेवली होती. तीस वर्षं ती कडी खालून वर सरकत आली होती.

सकवारबाईनं बटण दाबलं. दार उघडलं.

आत तीच खोली. डब्यांची फळी, खिडकीत टांगलेली लसणाची जुडी, भिंतीला टेकवलेला पाट. आणि जमिनीवर एक ताट, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. रक्षिताला कामावरून यायला उशीर व्हायचा, तेव्हा सकवारबाई तिच्यासाठी असंच झाकून ठेवायची, याच जागी. फक्त इथं ताटाशेजारी खुद्द सकवारबाईचा चष्मा ठेवलेला होता.

तिनं पडद्याला हात लावला नाही. बटणालाही नाही.

“जा ना, काकू. आत जा,” योगीराज हळू म्हणाला.

“पोरीनं माझ्यासाठी झाकून ठेवलंय रे. आणि माझ्या हातात काय आहे?”

“मागच्या घरातला डबा आणूया. अर्ध्या मिनिटाचं काम.”

“पाळण्यापाशी ठेवलेलं उचलून लेकीकडं नेऊ?”

“मग बाहेरचं काहीतरी.”

बाहेर राख होती आणि दगड होते. तिनं ते पाहिले. “ती लग्न करून गेली असती तर तिच्या घरी मी नारळ घेऊन गेले असते. तांदूळ, खण. हे एवढंच तिचं घर झालं.” पदरानं तिनं डोळे नाही, हात पुसले. “सरी, बरं. दार कसं ओढायचं?”

“काकू, परत हे… कॉम्प्युटर आज जाणार.”

“दार कसं ओढायचं, सांग. उघडं टाकून आलं तर जनावरं शिरतात.”

त्यानं सांगितलं. तिनं दार ओढलं. उलटी कडी खालून वर सरकली.

ती उठली. योगीराजच्या डोक्यावरून हात फिरवून “येते” म्हणाली आणि जिना उतरली. खाली टेंपो येऊन लागला होता. त्याला वळसा घालून ती आठव्या क्रॉस रस्त्याच्या दिशेनं निघाली. दोन्ही हात बाजूला मोकळे सोडलेले, जणू त्यांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. योगीराज हातात वायरचं वेटोळं घेऊन गॅलरीत उभा राहिला. खालून टेंपोवाला हाका मारत होता, आणि तो फुलांच्या दुकानापाशी ती वळेपर्यंत बघत राहिला.