तिने पाय न टेकलेली माती

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिची टॅरॅन्टुला आमच्याकडेच राहिली. तळहाताएवढी, केसाळ, गुडघ्यांवर तांबूस झाक असलेली कोळीण. जात परदेशातली, पण जन्म इथलाच, मुलीच्या शहाडच्या एका मित्राच्या घरी. पुण्याच्या हॉस्टेलवर असलं काही ठेवू देत नव्हते, म्हणून काचेची पेटी आमच्या हॉलमधल्या शोकेसवर आली. मी जन्मभर झुरळ दिसलं की चप्पल उचलणारी बाई. आठवड्याला एक रातकिडा आणि बाटलीच्या झाकणात पाणी, एवढंच तिचं मागणं असल्यामुळे मी हो म्हटलं. महिन्याभरात माझी तिच्याविषयीची किळस गेली. ती तासन्‌तास एका जागी बसायची आणि मला ते बरं वाटायचं.

थंडी संपता संपता पेटीत पाण्याच्या झाकणाभोवती पांढरी बुरशी आली. मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, खालचा सगळा थर काढून टाकावा लागेल. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलं राहिलं तर बुरशी धरतं, वाळलं तर भुसभुशीत होतं आणि तिचे पाय रुततात. म्हणून त्यात साधी माती मिसळायची, खत नसलेली, औषध न फवारलेली. आणि थर चांगला जाड घालायचा, म्हणजे पेटीचं झाकण आणि जमीन यांत फार अंतर राहत नाही. या कोळिणी काचेवर चढतात आणि उंचावरून पडल्या तर त्यांचं पोट फुटतं. हे शेवटचं तिने इतक्या सहज सांगितलं की मी फोन ठेवल्यावरही पेटीकडे बघत राहिले.

तेव्हा मी ठाण्याला नोकरी करत होते. खोपटच्या एस.टी. डेपोजवळच्या नर्सरीतून कोकोपीटची वीट आणली. मातीचा प्रश्न यजमानांनी सोडवला.

यजमान निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या बागेत रमले होते. मानपाड्याला आमच्या इमारतीच्या मागे, भिंतीलगत, पूर्वी नुसता राडारोडा पडलेला असायचा. दिवाळीनंतर कमिटीने तिथे डंपरभर माती टाकून घेतली. कुठल्याशा पायाच्या खोदकामातली आहे, एवढंच ठेकेदाराने सांगितलं होतं. एका बाजूला मुलांसाठी घसरगुंडी बसवली, उरलेल्या जागेत यजमानांनी पालक आणि मेथीचे वाफे केले. माती काळी, मऊ, एकही खडा नसलेली. "अगं, इतकी स्वच्छ माती मी बघितली नाही," ते म्हणाले. "मुंगी नाही, गांडूळ नाही. तुझ्या कोळिणीला अगदी योग्य."

मातीतले बारीक किडे मरावेत म्हणून ती भाजून घ्यायची होती. मी जुनी लोखंडी कढई गॅसवर ठेवली. आधी ओल्या मातीचा वास आला. मग दुसराच एक आला, गोडसर, नेलपॉलिशची बाटली उघडल्यावर येतो तसा. डोळे चुरचुरायला लागले. मी खिडकी उघडली, एक्झॉस्ट लावला आणि कढईलाच काही लागलेलं असेल असं मनाशी म्हटलं. आमच्या भागात कारखान्यांमुळे वासांची सवय असते. वास आला की त्याला काहीतरी कारण देऊन आपण पुढच्या कामाला लागतो.

माती गार झाल्यावर कोकोपीटमध्ये कालवली, मुठीत दाबून पाणी गळत नाही ना ते पाहिलं, पेटीत तळव्याने थापून बसवली. कोपऱ्यात तिच्या लपण्यासाठी अर्धी करवंटी उपडी ठेवली. मग कोळिणीला तेवढ्यापुरतं ठेवलेला डबा आडवा करून तिला आत सोडलं. तिने पुढचा एक पाय मातीवर टेकवला आणि उचलला. दुसरा टेकवला, तोही उचलला. मग ती सरळ काचेवर चढली आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन थांबली.

मुलगी म्हणाली, नवीन जागा आहे, होईल सवय. ओली असेल, थोडी वाळव. मी पेटीचं झाकण काढून वर जाळी ठेवली आणि दिवसभर पंखा लावला. दुसऱ्या दिवशी माती कोरडी होती आणि कोळीण पाण्याच्या झाकणाच्या काठावर, आठही पाय अंगाशी ओढून बसली होती. बुडत्या गावात एखाद्याने घराचं छप्पर गाठावं तशी.

तिसऱ्या दिवशी मी करवंटीभोवतीचं मिश्रण चमच्याने पार तळापर्यंत काढलं आणि तिथे नुसतं कोकोपीट भरलं. तासाभरात ती खाली उतरली. त्या ताटलीएवढ्या गोलात बसली. पाय लांब करायची तेव्हाही ते गोलाच्या आतच राहत.

मी समोरच पालक निवडत बसले होते. सकाळीच यजमानांनी खालून आणलेला, मोठमोठ्या पानांचा. माझे हात थांबले. दीड महिना आम्ही हा पालक खात होतो, वरच्या मजल्यावरच्या दोन घरांतही देत होतो. मी ती जुडी पिशवीत बांधून यजमानांना दिसणार नाही अशी बाजूला ठेवली.

पुढच्या दिवशी कोळीण चालताना अडखळायला लागली. एक मागचा पाय झटके द्यायचा, तिच्याच मनाविरुद्ध. मी तिला टिश्यू पेपर घातलेल्या डब्यात काढलं आणि मुलीला कळवलं. शनिवारी दुपारी ती आली. आधी डबा बघितला, मग पेटीतली माती बोटांवर घेऊन हुंगली.

"आई, ही माती कुठली?"

"खालची. बाबांच्या वाफ्यातली."

ती यजमानांकडे वळली. "बाबा, तुमच्या हातांना काय झालंय?"

त्यांच्या बोटांची कातडी महिनाभर निघत होती. वयामुळे होतं, असं ते मला सांगत आले होते, तेच तिलाही सांगितलं. मग चिडले. एका किड्यावरून मातीला नावं ठेवू नका म्हणाले. मी बाजूला ठेवलेली जुडी त्यांनी शोधून काढली, स्वतः चिरली, फोडणीला टाकली आणि आमच्यासमोर बसून एकट्याने खाल्ली. आम्ही दोघींनी वरण-भात घेतला.

रविवारी सकाळी ते खुरपं घेऊन खाली गेले. मी गॅलरीतून बघत होते. एका वाफ्यात हातभर खणलं, मग दुसऱ्यात, मग घसरगुंडीच्या पायाशी. वर आले ते सरळ बेसिनशी. बराच वेळ हात धूत राहिले.

"एक जिवंत किडा नाही गं तिथे," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मेथी, पालक सगळं उपटून टाकलं.

मुलीने मातीची पिशवी एका प्रयोगशाळेत नेली. तिथल्या बाईंनी विचारलं, नेमकं काय तपासायचं ते सांगा, प्रत्येक गोष्टीची चाचणी वेगळी असते. आम्हाला ते सांगता येईना. अंदाजाने दोन चाचण्या केल्या, दोन्हींत काही निघालं नाही. ठेकेदाराचा फोन लागत नव्हता. कमिटीच्या मीटिंगमध्ये यजमानांनी सगळं सांगितलं, कोळिणीसकट, आणि लोक हसले. तरी सेक्रेटरींनी वरून लाल मातीचा थर टाकून घ्यायचं कबूल केलं. तो टाकलाही. संध्याकाळी पोरं त्यावर बसून खेळतात. वरच्या मजल्यावरच्या त्या दोन घरांतल्या आयांना मी वेगळं भेटून सांगितलं. एक मुलाला खाली पाठवत नाही. दुसरी म्हणाली, काकू, मग खेळायचं कुठे?

कोळीण जगली. आता नुसत्या कोकोपीटवर असते. बुरशी आली की मी तेवढा भाग बदलते. झटके थांबले, पण तो पाय ती जरा ओढतच चालते.

यजमानांचे हात बरे झाले नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मलम दिलं, मातीत काय होतं ते विचारलं. आम्ही प्रयोगशाळेचे दोन कागद पुढे ठेवले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले, तेव्हाच काही कळेल. त्यातले दोन झाले आहेत. पूर्वी पेटीकडे ढुंकून न बघणारे यजमान हल्ली चहाच्या आधी तिथे जाऊन उभे राहतात.

"खाली बसलीय ना?" मी स्वयंपाकघरातून विचारते.

"बसलीय," ते सांगतात, आणि मग बोटांना मलम लावायला घेतात.